गिअरची मूठ

मैत्रिणींनो, लाटणं, रवी, पाळण्याच्या खुंट्या, देव्हाऱ्याचे खांब, मुलांचा भोवरा या सगळ्यांत सारखं काय, सांगा बरं? या सगळ्या वस्तू कातीव आहेत. म्हणजे लाकूड गरगर फिरतं, हत्यार टेकवून धरलेलं असतं आणि नको तेवढं लाकूड निघून गोल आकार उरतो. आमच्या सावंतवाडीला हे वेगळं सांगायला नको. इथली लाकडी फळं आणि खेळणी याच कामावर नावारूपाला आली. घरातल्या या कातीव वस्तूंत यंदा मी एक भर घातली. कशाची म्हणाल, तर जीपगाडीच्या गिअरच्या मुठीची!

तुम्ही म्हणाल, घरकाम आणि शाळा सोडून ही गिअरच्या भानगडीत कुठे पडली? तर ऐका. आमच्याकडे १९६७ सालची जीप आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज कंपनीनं लष्करासाठी ज्या जीपगाड्या बनवल्या, त्यांच्याच कुळातली. या कुळातला सीजे-३बी हा नमुना अमेरिकेत १९५३ साली आला आणि महिंद्रांनी परवाना घेऊन तो आपल्याकडे पुष्कळ वर्षं बनवला. त्याचं इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. मामंजींनी ती सरकारी लिलावात घेतली. आमच्या हापूसच्या बागेकडे जाणारी लाल मातीची वाट ती आजही भर पावसात चढते.

दोन वर्षांपूर्वी मामंजींचा डावा हात अधू झाला. आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो आणि गिअर येतो डाव्या हाताला. त्यामुळे त्यांचं चालवणं थांबलं. हे बँकेत, बदलीच्या गावी. शनिवारी रात्री येतात आणि रविवारी रात्री जातात. मग सकाळी अर्धवेळ शाळा करून आंब्याच्या दिवसांत पेट्या वाहायचं काम माझ्याकडे आलं. आठवड्यातून चार दिवस जीप काढते. तरी मुंबईचे मोठे भाऊजी आले की म्हणायचे, “आता जीप कुणी चालवत नाही, विकून टाकू.” त्या ‘कुणी’त मी नव्हते, बरं का!

गिअरची जुनी काळी मूठ तडकून कधीच गळून पडली होती. दांड्याच्या टोकाला नुसती चिंधी गुंडाळलेली. एप्रिलच्या उन्हात आतलं लोखंड तापायचं आणि गाडीची थरथर थेट मनगटात उतरायची. बाजारात प्लास्टिकच्या तयार मुठी मिळतात. पण लाकूड लोखंडासारखा चटका देत नाही. तव्याला लाकडी मूठ का असते, ते मी तुम्हाला काय सांगायचं? तेव्हा उठले आणि कातकाम करणाऱ्या एका वयस्क मेस्त्रींकडे गेले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, “ही मूठ कोण धरतलो?”

“धरतलो नाय, धरतली,” मी म्हटलं. “मीच.”

मेस्त्री हसले नाहीत, की त्यांना नवल वाटल्याचंही दिसलं नाही. म्हणाले, “मगे तुझो हात बघूक व्हयो, बाय.”

आता हाताचं माप द्यायचं कसं? घरी येऊन कणकेचा घट्ट गोळा मळला, दांड्याच्या टोकाला खोचला आणि इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून एकेक गिअर टाकून पाहिला. या गाडीला पुढे जायचे तीनच गिअर. दांडा लांब आणि त्याची ये-जाही लांब. पुढे ढकलतो ते तळव्यानं, मागे ओढतो ते बोटांनी. म्हणजे माथा भरीव, गोल हवा आणि खाली बोटं अडकायला मान बारीक हवी. कणकेवर सगळं नीट उमटलं. मेस्त्रींनी मोजलं, तर सर्वांत रुंद जागी पावणेदोन इंच आणि उंची दोन इंच. रविवारी ह्यांनी तो गोळा धरून पाहिला. म्हणाले, “माझ्या हातात हरवतोय की!”

लाकडाची मात्र पंचाईत होती. ओलं लाकूड उपयोगी नाही. वाळताना ते सगळीकडून सारखं आकसत नाही. आतल्या वर्तुळांच्या अंगानं जास्त आकसतं, आडवं कमी, आणि त्या ओढाताणीत तडा जातो. म्हणून लाकूड मुरलेलं हवं आणि त्यात मधला गाभा येता कामा नये. हे बोलणं सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी माळ्यावरून मुसळ काढायला लावलं. शिसवी, त्यांच्या माहेराहून आलेलं, एका टोकाला दुभंगलेलं. मला धस्स झालं. म्हटलं, “आई, हे कापायचं?”

“मग दुभंगल्या मुसळाची पूजा करू?” त्या म्हणाल्या. “जन्मभर उखळापाशी उभं होतं बिचारं. जरा बागेपर्यंत जाऊन येऊ दे.”

सासूबाई स्वतः त्या जीपमध्ये कधी पुढच्या सीटवर बसल्या नव्हत्या, हे मला तेव्हा आठवलं.

लेथपाशी उभं राहायचं तर पदर खोचा, वेणी बांधा, बांगड्या उतरवा. फिरतं यंत्र कुणाची भीड ठेवत नाही. शिसवाचा भुसा नाकाडोळ्यांना झोंबतो, कुणाच्या अंगावर पुरळही उठतं, म्हणून नाकावर मास्क हवाच. मेस्त्रींनी मुसळाचा चांगला तुकडा गाभा टाळून कापला आणि आकार द्यायच्या आधी त्याला भोक पाडलं. लाकडाच्या टोकाकडून पाडलेले आटे फार दिवस टिकत नाहीत. म्हणून आत आटे असलेली पितळेची बुश एपॉक्सीनं पक्की बसवली. या जुन्या गाड्यांचे आटे इंचांच्या मापाचे असतात, तेव्हा दुकानात जाताना दांड्यावरचा जुना नट बरोबर न्यावा. दुसऱ्या दिवशी ठोकळा त्याच मापाच्या बोल्टवर चढवून लेथला लावला. अशानं मूठ दांड्यावर वाकडी बसत नाही. गोल पटाशी टेकवताच कोपरे उडाले आणि काळपट कातडीखालून जांभळट तपकिरी लाकूड निघालं. शेवटचे दोन हात मेस्त्रींनी मला मारायला दिले. मग ८०, १५०, २२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, याच क्रमानं.

चकाकीसाठी इथली रीत लाखेची. फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळून लाकडावर चढते. खेळण्यांना ती शोभते. पण लाख उन्हात मऊ पडते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. आता प्रत्येकीच्या पर्समध्ये सॅनिटायझर असतं. त्याच्या ओल्या हातानं मूठ धरली की लाखेवर डाग पडलाच! म्हणून मी रंगाच्या दुकानातलं जवसाचं तेल घेतलं. अगदी पातळ हात लावायचा, पुसायचा, नीट वाळू द्यायचा. असे तीन हात. घरचं खोबरेल लावू नका. ते वाळत नाही आणि धूळ धरतं. आणि ही सूचना हवी तर कापून वहीत चिकटवा: जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून टाकू नका. वाळताना ते आतून तापतात आणि आपोआप पेटूही शकतात. मोकळ्यावर पसरून वाळवा, मगच टाका.

मुठीच्या माथ्यावर गिअरचा नकाशा कोरला. डावीकडे वर मागे जायचा, खाली पहिला. उजवीकडे वर दुसरा, खाली तिसरा. शाळेत पाटीवर गिरवतो तसे १, २, ३ काढले आणि मागे जाण्यासाठी ‘मा’. खाली चेकनट आवळला, म्हणजे आकडे सरळ राहतात. या गाडीचा पहिला गिअर धावताना सहज पडत नाही, थांबूनच टाकावा लागतो. पण आता तो टाकताना चिंधी सरकत नाही.

मे महिन्यात मोठे भाऊजी आले. चक्कर मारायला म्हणून जीपमध्ये बसले, मूठ धरली आणि म्हणाले, “अरे, ही फार लहान झाली. कुणाच्या मापानं केली?”

मी पेट्या भरत होते. ओटीवरून मामंजी म्हणाले, “जी चालवते तिच्या.”

भाऊजी काही बोलले नाहीत. फाटकापर्यंत जाऊन आले आणि किल्ली माझ्या हातात दिली. जीपला गिऱ्हाईक अजूनही येतं. जुन्या गाड्यांचे शौकीन पुष्कळ आहेत आणि बऱ्या किमती सांगतात. उद्या बागेचा खर्च झेपला नाही, तर कदाचित विकावीही लागेल. पण हल्ली कुणी विचारायला आलं, की मामंजी त्याला ओटीवर बसवतात, पाणी देतात आणि सांगतात, “सूनबाई शाळेतून येईल बारापर्यंत. तिला विचारा.”