भोंग्यावर चालणारी घरं

लालबाग-परळच्या चाळींत वाढलेल्या आमच्या पिढीला घड्याळ फारसं लागलंच नाही. गिरणीचा भोंगा पुरेसा होता. पहिल्या भोंग्याला आईचा स्टोव्ह पेटायचा, दुसऱ्याला वडील जिना उतरायचे. पोचायला उशीर झाला की खाडा, आणि त्या दिवशी साच्यावर, म्हणजे मागावर, बदलीवाला उभा.

दहा बाय दहाच्या खोलीत एका वळकटीवर पाळीप्रमाणे दोघं झोपत. रात्रपाळीचे काका दिवसा झोपलेले, म्हणून आमचा अभ्यास गॅलरीत. कुणाचे वडील काय करतात, याचं उत्तर खात्याच्या नावानं मिळे: साच्यात (विणकाम), त्रासनात (सूतकताई), ब्लोरूममध्ये (कापूस पिंजणं). साचेवाले घरीही मोठ्यानं बोलत. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेलं. ब्लोरूमवाल्यांच्या भुवयांत कापूस आणि छातीत खोकला.

पगाराच्या दिवशी पाकीट आधी देवापुढे, मग वाण्याकडे, आणि उरलेल्यातून कोकणात मनीऑर्डर. गावच्या घराची कौलं, आत्याचं लग्न, जमिनीचा कज्जा, सगळं त्या मनीऑर्डरीवर. शेतानं पोट भरत नाही म्हणून माणूस मुंबईत आला, आणि मुंबईच्या पगारावर ते शेत टिकलं. एकट्या आलेल्यांची पोटं खानावळवाल्या बायकांनी सांभाळली. सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तोवर त्या राबण्याला कुणी धंदासुद्धा म्हणत नव्हतं.

युनियनच्या अभ्यासवर्गाला जाणारा एखादा काका प्रत्येक चाळीत असे. त्याच्या तोंडी मँचेस्टर शेजारच्या वाडीसारखं यायचं. कावसजी दावरांनी 1854 साली ताडदेवच्या गिरणीचा घाट घातला, इथपासून तो सुरू करी. मग अमेरिकेतलं यादवी युद्ध: तिकडचा कापूस अडला, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना आपला घ्यावा लागला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि 1865 साली युद्ध थांबताच ओसरला. पुढे आपलं सूत चीनमध्ये खपू लागलं. मग जपानच्या गिरण्यांनी तो बाजार काबीज केला. लँकेशायरला आपली स्पर्धा नको म्हणून ब्रिटिश सरकारनं 1896 साली इथल्या गिरणीच्या कापडावरच साडेतीन टक्के कर बसवला. आम्हा पोरांना एवढंच कळे, की वडिलांची पाळी राहणार की जाणार, हे ठरवणारी माणसं कधीकधी समुद्रापलीकडे बसलेली असतात.

रविवारी आम्ही गल्लीत क्रिकेट खेळायचो. ती सुट्टी गिरणी कामगारांना 1890 साली मिळाली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही. पंजोबांच्या काळी तर दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि सुट्टी बहुधा सणावारालाच.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आधी बोनस विसरावा लागला, मग आईच्या बांगड्या गहाण पडल्या, मग कुणी भाजीची पाटी घेतली, कुणी गाव गाठलं. संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी जाहीर केलंच नाही. कित्येकांना गिरणीनं परत घेतलं नाही, आणि पुढे गिरण्यांच्या जमिनीवर मॉल नि टॉवर आले.

त्या घरांतली मुलं आज बँकांत, शाळांत, परदेशांत आहेत. त्यांची फी साच्यावर उभ्या माणसानं आणि खानावळीच्या पोळपाटानं भरली. मुंबईला आर्थिक राजधानी म्हणताना आधी यांचा हिशेब मांडायला हवा. तेव्हा घरात कुणी जुनं माणूस उरलं असेल, तर त्याची गिरणी, खातं आणि पाळी आजच विचारून लिहून ठेवा. हजेरीचं कार्ड सापडलं, तर रद्दीत टाकू नका.