सुनेला काय सांगाल?

भोकरमध्ये दवाखाना चालवणाऱ्याच्या कानावर एकाच सकाळी तीन-चार भाषा पडतात. तेलंगणाची हद्द जवळ, म्हणून कुणाच्या मराठीत तेलुगू मिसळलेली असते. तांड्यावरची मंडळी आपसांत गोरमाटी बोलतात, गावातले कितीतरी रुग्ण दखनी. तरी भाषेमुळं अडतं असं मला वाटत नाही. "चक्कर येऊलाली साहेब" हे मला कळतं, आणि "सकाळी जेवल्यावर एक गोळी" हे त्यांनाही कळतं. अडतं ते पुढं. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई पहाटेच भाकरी बांधून शेतात जाते. तिचं पहिलं जेवण दुपारी बांधावर होतं आणि गोळी राहते घरी, फळीवर.

म्हणून गोळीआधी मी दिवस विचारतो. मावशी, उठता किती वाजता? पहिली भाकर कुठं खाता? मग त्या दिवसात गोळी बसवायची. बाहेर बाकं भरलेली असली तरी ही दोन मिनिटं मी वाचवत नाही.

उपवासाचं तर विचारल्याशिवाय कळतच नाही. माहूरची रेणुकामाता आमच्याच जिल्ह्यातली. नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणाऱ्या बाया इथं घरोघरी आहेत. त्यांतल्या काहीजणी शुगरसाठी ग्लिमेपिराइड घेतात. ही गोळी पोटात अन्न नसलं तरी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. मग शुगर उतरते, दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं बरळल्यासारखं होतं. घरचे म्हणतात, उपवासाचा थकवा असेल. वेळेवर साखर पोटात गेली नाही तर शुद्ध हरपते. रमजानच्या रोज्यांतही हाच धोका. "उपवास करू नका" असं दटावून काही होत नाही. समोर मान हलते आणि घरी घट बसतोच. त्यापेक्षा उपवास धरणार का, फराळाला काय खाता, हे मोकळेपणी विचारलं की गोळीची मात्रा आणि वेळ बदलता येते.

काही गोष्टी मात्र न विचारताही आधीच सांगायला हव्यात. टीबीच्या औषधांतल्या रिफाम्पिसिननं लघवी लालसर-नारिंगी होते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस रक्त जातंय समजून गोळ्या बंद करतो. साध्या टीबीचा उपचार 6 महिन्यांचा, पहिले 2 महिने चार औषधं आणि पुढचे 4 महिने तीन. पण खोकला काही आठवड्यांतच कमी होतो आणि बरं वाटायला लागतं. खरा धोका तिथं आहे, कारण बरं वाटलं की गोळ्या सुटतात. सांधेवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. तिच्यासाठी मी रुग्णाच्या गावचा बाजाराचा वार ठरवून देतो आणि तो वार चिठ्ठीवर ठळक लिहितो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आपल्या 'सर्च' संस्थेचा दवाखाना उभारताना तो कसा असावा हे आधी गोंड लोकांनाच विचारलं. दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा झाला आणि त्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं. तिथंही सुरुवात विचारण्यानंच झाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

"कळलं का?" हा प्रश्न मी सोडून दिला आहे. त्याला सगळेच हो म्हणतात. डॉक्टरला नाही कसं म्हणायचं? मी विचारतो, "आजी, घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?" आजी सांगायला लागते आणि नेमकं काय निसटलं ते तिथंच दिसतं. ती चुकली तर मला वेगळ्या शब्दांत सांगावं लागतं, तिला बोल लावायचं कारण नाही. डच मानसशास्त्रज्ञ रॉय केसेल्स यांनी 2003 साली लिहिलं होतं की डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं 40 ते 80 टक्के रुग्ण लगेच विसरतात. मोठमोठ्या इस्पितळांत हे घडत असेल, तर दुखणं घेऊन एसटीनं आलेल्या आजीकडून सगळं लक्षात ठेवण्याची अपेक्षा कशी करायची?

तुम्हालाही एक विनंती आहे. डॉक्टर घाईत दिसले तरी उठण्याआधी, जे समजलं ते त्यांना एकदा आपल्या शब्दांत सांगून बघा. आणि घरात कुणी शुगरची गोळी घेत असेल, तर त्यांना घट बसायच्या आठवडाभर आधी दवाखान्यात घेऊन या.