थांबणारी कळ

पोटाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती थांबणाऱ्या कळीची. सतत दुखणारे पोट माणसाला दवाखान्यात आणतेच. पण मुरडा येतो, उलट्या होतात, पोट टम्म फुगते आणि तासाभराने सगळे निवळते, तेव्हा ‘गॅस धरला होता’ म्हणत माणूस पुन्हा कामाला लागतो. असे महिनोन्‌महिने चालते. या कळीमागे कधी कधी आतड्यातली साधी, कर्करोग नसलेली गाठ असते.

अनेकदा ती चरबीची असते. तिला लायपोमा म्हणतात. आतड्याच्या अस्तराखाली वाढत ती पोकळीत लोंबू लागते. अन्न पुढे सरकवणारे आतडे तिलाही ढकलते. गाठीबरोबर भिंत ओढली जाते आणि सदऱ्याची बाही आत जावी तसे आतडे पुढच्या आतड्यात शिरते. हे इंटससेप्शन. आपोआप सुटले तर कळ थांबते. अडकून राहिले तर रक्तपुरवठा तुटून आतडे काळे पडते. हा आजार मुख्यतः लहान मुलांचा. प्रौढ रुग्ण जेमतेम ५ टक्के. मात्र प्रौढांत सुमारे ९० टक्के वेळा त्यामागे ठोस कारण सापडते. लहान आतड्यात ते बहुधा साधे, कर्करोग नसलेले असते, मोठ्या आतड्यात अनेकदा कर्करोग.

गरीब, दुर्गम गावात ही कळ आणखी सहज नजरेआड होते. जव्हार तालुक्यातले वावर हे गाव राज्याला कळले ते १९९२ मध्ये, वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली तेव्हा. जिथे पिढ्या अर्धपोटी गेल्या, तिथे कोणी वाळला तर नवल वाटत नाही. दुखेल या भीतीने जेवण टाळणाराही उपासमारीचा किंवा क्षयाचा रुग्ण ठरतो. आतड्याचा क्षय आपल्याकडे आहेच, त्यामुळे तो संशय घ्यायलाच हवा. पण तपास तिथे थांबू नये. त्यात दिवाळी उरकली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर निघतात. मजुरीची आगाऊ उचल घेतलेली असते, म्हणून थांबता येत नाही. कळ ओसरली की तपासणी मागे पडते.

म्हणून पहिली तपासणी गावाजवळच, कळ चालू असताना व्हावी. कृश माणसाच्या पोटात शिरलेल्या आतड्याचा लांबट गोळा कधी कधी हाताला लागतो आणि कळ थांबल्यावर नाहीसा होतो. सोनोग्राफीत त्या जागी एकात एक वर्तुळे दिसतात. सीटी स्कॅनवर चरबीची गाठ तिच्या काळसर छटेवरून ओळखू येते. वेदना नसताना काढलेले चित्र स्वच्छ आले, तरी आजार नाही असे म्हणता येत नाही.

आशाताईंना, आरोग्यसेवकांना माझी कळकळीची विनंती आहे. तीच कळ पुन्हा पुन्हा येत असेल, सोबत उलट्या आणि फुगारा असेल, तर नोंद ठेवा आणि जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयासारख्या ठिकाणी पाठवा. शौच आणि वारा दोन्ही बंद झाले असतील तर जुलाब देऊ नका, पोट चोळू नका, तोंडाने काही देऊ नका. सलाइन लावून तातडीने हलवा. थांबून थांबून येणारी कळ सतत दुखू लागली, ताप आला, नाडी धावू लागली, तर एकेक तास मोलाचा.

वेळेत पोचलेल्या रुग्णाचा आतड्याचा तेवढा तुकडा काढून टोके जोडतात. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासलाच पाहिजे, आणि त्याचा निकाल रुग्णाला त्याच्या बोलीत सांगितला पाहिजे. गाठ साधी निघाली तर केमोथेरपी लागत नाही. गाठीबरोबर आजारही जातो. इतक्या सहज बऱ्या होणाऱ्या दुखण्याने माणूस दगावणे मला मान्य नाही, मग तो मुंबईत राहत असो की वावरच्या पाड्यावर.