मुहूर्त शनिवारचा, गाव ह्यूस्टन

ह्यूस्टनच्या हिलक्रॉफ्ट रस्त्यावरच्या भारतीय किराणा दुकानात तांदळाच्या पिशव्यांसमोर एखादी मराठी मावशी बराच वेळ घोटाळताना दिसली, तर खुशाल समजावे की घरात लग्न आहे. तिला भाताचे तांदूळ नको आहेत. अक्षतांचे हवे आहेत, अखंड, कणी नसलेले. पुण्याहून निघताना तिने घरचे दोन किलो तांदूळ बॅगेत बांधलेलेही असतात आणि ऐन वेळी भाच्याने फोन करून ते बाहेर काढायला लावलेले असतात. भाच्याचे म्हणणे खरे असते. भारतातून जाणाऱ्या प्रवाशाला सामानातून तांदूळ अमेरिकेत नेता येत नाहीत. खापरा भुंगेरा या धान्यकिड्याच्या धास्तीने २०११ साली हा नियम आला. आंबे नाहीत, कढीपत्ता नाही, तसेच तांदूळही नाहीत. विमानतळावर आपणहून सांगितले तर माल काढून घेतात. लपवले तर दंड.

परदेशातल्या लग्नाची पहिली चुणूक अशी बॅग भरतानाच मिळते. आपल्याकडे वधूपिता म्हणजे कार्याचा धनी. याद्या त्याने करायच्या, कार्यालय त्याने ठरवायचे, आचाऱ्याशी घासाघीस त्याने करायची. ह्यूस्टनमध्ये हे सारे मुलगा-मुलगी स्वतः, नोकऱ्या सांभाळून, वर्षभर आधीपासून करत असतात. आईवडील येतात तेव्हा बहुतेक गोष्टी ठरून गेलेल्या असतात. ते येतात ते जवळजवळ पाहुणे म्हणून. हे पचवणे तांदूळ बाहेर काढण्याइतके सोपे नसते.

दमट हवेचे, लांबलचक शहर

ह्यूस्टन हे टेक्सास राज्यातले सर्वांत मोठे आणि लोकसंख्येने अमेरिकेतले चौथ्या क्रमांकाचे शहर. १८३६ साली वसलेल्या या गावात २०२० च्या शिरगणतीत तेवीस लाखांवर वस्ती भरली. भोवतालची उपनगरे वेगळीच. तेलकंपन्या, प्रचंड वैद्यकीय संकुल आणि नासाचे अंतराळ केंद्र यांच्या ओढीने इंजिनियर, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ इथे येत राहिले, त्यात मराठी माणसेही आली. हिलक्रॉफ्टच्या परिसरात साड्या, दागिने, मिठाई आणि चाट यांची दुकाने इतकी दाटली, की २०१० साली त्या भागाला ‘महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट’ असे नाव मिळाले. हर्मन पार्कमध्ये गांधीजींचा पुतळाही आहे, २००४ पासून.

हवा मुंबईकराला ओळखीची वाटेल. मेक्सिकोच्या आखाताजवळचे हे शहर उन्हाळ्यात घामाने निथळते. ऑगस्टच्या दुपारी पारा पस्तिसाच्या आसपास असतो आणि शालू नेसून गाडीतून उतरेपर्यंत मेकअप ओघळतो. मात्र मुंबईसारखी लोकल नाही की रिक्षा नाही. शहर मैलोन् मैल पसरलेले. विमानतळ उत्तरेला, मीनाक्षी मंदिर दक्षिणेला पेअरलँडमध्ये, आणि भारतीयांची मोठी वस्ती नैऋत्येला शुगरलँडकडे. पाहुण्यांना एका टोकाच्या हॉटेलात उतरवले आणि लग्न दुसऱ्या टोकाला ठेवले, तर वऱ्हाडाचा अर्धा दिवस हमरस्त्यावर जातो. जाणते यजमान म्हणून आधी नकाशा समोर घेतात, पंचांग नंतर.

पंचांग आणि वादळ

पंचांगाचीही गंमतच होते. तिथीचा आरंभ आणि शेवट साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी होतो, पण ह्यूस्टनचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा तास मागे. पुण्याच्या गुरुजींनी काढून दिलेला सकाळचा मुहूर्त तिथे आदल्या रात्री पडू शकतो. सूर्योदय वेगळा, लग्नराशी वेगळी. त्यामुळे मुहूर्त ह्यूस्टनच्याच अक्षांश-रेखांशावरून काढावा लागतो. गोरज मुहूर्ताचे पाहा. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो रात्री सव्वाआठच्या पुढे. तोवर भुकेलेले पाहुणे पंगतीची वाट बघत बसणार! डिसेंबरात हाच सूर्य साडेपाचच्या आत मावळतो.

पण खरे सांगायचे तर बहुतेकांचा मुहूर्त एकच, तो म्हणजे शनिवार. आदल्या दिवशी मेंदी आणि संगीत, दुसऱ्या दिवशी परतीचे विमान, आणि सोमवारी सगळे कामावर. शनिवारला मागणी म्हणून शनिवारचे हॉल महाग. शुक्रवार किंवा रविवार घेतला तर बऱ्याच ठिकाणी दर उतरतो. पोरांनी शनिवार ठरवावा आणि गुरुजींनी त्या शनिवारातली बरी वेळ शोधून द्यावी, असा समझोता घरोघर झालेला दिसतो. त्यात शास्त्र किती आणि सोय किती, हा वाद न घातलेलाच बरा.

पंचांगापेक्षा तिथे वादळांचे वेळापत्रक महत्त्वाचे. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ‘हार्वे’ आले तेव्हा चार-पाच दिवसांत काही भागांत हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला आणि शहराचे मोठे भाग पाण्याखाली गेले. ८ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ धडकले आणि वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. अनेकांकडे ती कित्येक दिवस आली नाही. ऐन उकाड्यात, वाताहत झालेल्या गावात, बाहेरगावचे वऱ्हाड घरी उतरलेले असेल तर काय होईल? म्हणून करारनाम्यात वादळ आल्यास तारीख बदलून मिळेल का, भरलेली रक्कम परत मिळेल का, हे कलम आधी वाचायचे. समारंभाचा विमाही मिळतो, पण वादळाला नाव पडल्यानंतर त्या वादळापुरता तो सहसा घेता येत नाही.

मग उरतात नोव्हेंबर आणि वसंताचे दिवस. त्यातही मार्च जपून घ्यावा. त्या महिन्यात सुमारे तीन आठवडे ह्यूस्टनचा प्रसिद्ध पशुमेळा आणि रोडिओ भरतो, लाखो माणसे येतात आणि हॉटेलांचे दर चढतात. गायी-घोड्यांच्या जत्रेमुळे लग्नाच्या वऱ्हाडाला खोल्या मिळू नयेत, हे पंढरपूरच्या माणसाला तरी समजावून सांगायला नको.

ताटाचा भाव

जागेचे पर्याय पुष्कळ. पेअरलँडचे मीनाक्षी मंदिर दाक्षिणात्य धाटणीचे, गोपुरांचे. त्याला स्वतःचा कल्याणमंडप आहे. मोठ्या हॉटेलांचे बॉलरूम आहेत. बागेत फोटो हवे असतील तर हर्मन पार्क आहे, आणि उंचावरून कोसळणाऱ्या पाण्याची ‘वॉटरवॉल’ तर नवपरिणितांच्या फोटोंसाठी ठरलेलीच जागा.

हॉटेलच्या दरपत्रकात आपला माणूस हमखास फसतो. ताटाचा भाव शंभर डॉलर लिहिलेला असतो आणि पुढे अधिकची दोन चिन्हे काढलेली असतात. त्यातले पहिले चिन्ह सेवाशुल्काचे, शेकडा वीस-बावीस किंवा त्याहून जास्त. दुसरे विक्रीकराचे, ह्यूस्टनमध्ये सव्वाआठ टक्के. शंभराचे ताट अशा तऱ्हेने एकशेतीसच्या घरात जाते. शिवाय जेवणावर किमान अमुक इतका खर्च करायलाच हवा, अशी अट असते. बाहेरचा भारतीय केटरर चालतो, पण बऱ्याच हॉटेलांत तो त्यांच्या यादीतला असावा लागतो.

यातूनच सगळ्यात नाजूक भांडण उभे राहते, ते पाहुण्यांच्या यादीचे. आपल्याकडे आमंत्रण म्हणजे ‘सहकुटुंब सहपरिवार’. कोण आले, कोण नाही, ते पंगतीत कळते आणि चार पाने जास्त झाली तरी आचारी सांभाळून घेतो. तिथे प्रत्येक पाहुण्याकडून येणार की नाही, हे आधी लिहून घ्यावे लागते. खुर्ची मोजलेली, ताट मोजलेले. “जोशीकाकांच्या सुनेची बहीण डॅलसला असते, तिलाही सांगू या,” असे आई सहज म्हणून जाते आणि मुलगी गप्प होते. मुलीच्या डोळ्यांपुढे एकशेतीस डॉलर असतात. आईच्या डोळ्यांपुढे जोशीकाकांनी तिच्या लग्नात केलेली धावपळ असते. दोघींचेही बरोबर असते आणि हे भांडण लग्नाच्या आदल्या आठवड्यापर्यंत चालते. शहाणी मुले आईवडिलांच्या नावाने वीस-पंचवीस जागा सुरुवातीलाच मोकळ्या ठेवतात आणि त्या कोणाला द्यायच्या हे विचारत नाहीत.

आधी खिडकी, मग अंतरपाट

आपल्याकडे आधी लग्न लागते, मग सवडीने नोंदणी. टेक्सासमध्ये उलटे आहे. आधी काउंटी क्लार्कच्या कचेरीतून विवाहाचा परवाना काढायचा. दोघांनी ओळखपत्र घेऊन जातीने हजर राहायचे, पासपोर्ट चालतो. परवाना हाती पडल्यापासून ७२ तास लग्न लावता येत नाही आणि ९० दिवसांनंतर तो निकामी होतो. ७२ तासांची ही अट चुकवायची एक युक्ती सरकारनेच ठेवली आहे. राज्याने मान्य केलेला आठ तासांचा विवाहपूर्व वर्ग केला, तर थांबावे लागत नाही आणि शुल्कातही साठ डॉलरची सूट मिळते. नवरा-नवरीने भांडावे कसे हेही त्या वर्गात शिकवतात म्हणे. आपल्याकडेही असा वर्ग काढायला हरकत नाही.

जो मुलगा दुसऱ्या राज्यातून गुरुवारी रात्री उतरणार आणि शनिवारी बोहल्यावर उभा राहणार, त्याचे या ७२ तासांत हमखास अडते. एका काउंटीचा परवाना साऱ्या राज्यात चालतो, म्हणजे हॅरिस काउंटीत काढलेल्या कागदावर पेअरलँडला लग्न लावता येते. पण दिवस मात्र मोजूनच घ्यावे लागतात. साक्षीदार लागत नाहीत. महाराष्ट्रात नोंदणीला तीन लागतात, म्हणून काका-मामा उगाच कोट घालून तयार असतात! धर्मसंस्थेने अधिकार दिलेले गुरुजी चालतात. लग्न लावल्यावर त्यांनी परवान्यावर सही करून तो तीस दिवसांच्या आत कचेरीत परत पाठवायचा. सप्तपदी, सूनमुख आणि वरात या गडबडीत हा कागद कोणाच्या तरी पर्समध्ये राहून जाऊ शकतो, आणि तो हरवला की व्हिसाच्या वेळी धावपळ. हे काम एका भरवशाच्या मित्रावर सोपवावे. भारतात दाखवण्यासाठी प्रमाणपत्र लागणार असेल, तर टेक्साससरकारकडून त्यावर अपोस्टिलचा शिक्का घेता येतो.

व्हिसाची गोष्ट त्याहून आधीची. २०२२-२३ च्या सुमारास मुंबईत अमेरिकन व्हिसाच्या मुलाखतीसाठी वर्ष-दीड वर्ष थांबावे लागत होते. हॉल ठरला, पत्रिका गेल्या आणि आजीची मुलाखतच नाही, असे प्रसंग त्या काळात घरोघर होते. तेव्हापासून जाणते लोक आधी घरच्या ज्येष्ठांचे व्हिसा पाहतात आणि मगच हॉलला पैसे भरतात. व्हिसा असला तरी मुंबई ते ह्यूस्टन प्रवासात एकदा तरी विमान बदलावेच लागते. ऐंशीच्या घरातल्या गुडघ्यांना तो प्रवास झेपतोच असे नाही.

बॅगेतून काय जाते

तांदूळ जात नाहीत, पण मुंडावळ्या जातात. अंतरपाट जातो, पैठणी जाते, ताम्हन, कलश आणि चांदीच्या वाट्या जातात. रुखवत जाते. आत्याने केलेले क्रोशाचे रुमाल, मावशीचे मण्यांचे तोरण, साखरेच्या पाकातले हलव्याचे दागिने, सगळे कागदात गुंडाळून. हॉटेलच्या गुळगुळीत संगमरवरी दालनात पांढऱ्या टेबलावर ते मांडले जाते आणि नवऱ्या मुलाचे अमेरिकन सहकारी त्याभोवती जमतात. गेले वर्षभर जिला कोणी काही विचारले नव्हते, ती मावशी तिथे उभी राहून मोडक्या इंग्रजीत एकेक वस्तू समजावून सांगते. दोन्ही घरे मराठी असतीलच असे नाही. जावई तेलुगू असतो, गुजराती असतो, टेक्सासचा असतो. त्याच्या आईलाही त्या टेबलाशी आणून उभे केले जाते.

होमाला अडचण असते. बंद बॉलरूममध्ये अग्नी पेटवायचा तर हॉटेलची आणि अग्निशमन खात्याची परवानगी आधी पाहावी लागते; मोठ्या कुंडाच्या जागी बहुधा लहान कुंड येते आणि ज्वाळा बेताची ठेवावी लागते. अक्षता टाकायलाही काही ठिकाणी मनाई, सफाईचा खर्च नको म्हणून. तिथे पाहुण्यांच्या हाती गुलाबाच्या पाकळ्या देतात. काही जण हिलक्रॉफ्टचे ते तांदूळ कुंकवात रंगवून फक्त घरच्यांच्या हाती देतात आणि व्यवस्थापकाला आधीच सांगून ठेवतात. जिथे झगडायचे तिथे याच गोष्टीसाठी झगडावे. फुलांच्या कमानी नसल्या तरी चालते.

मंगलाष्टकांसाठी गुरुजींवर विसंबू नये. ती मामीने, आत्याने म्हणावीत. चाल थोडी चुकली तरी चुकू द्यावी. शेजारी एक टॅबलेट उभा करून ठेवायचा आणि त्याची दिशा बोहल्याकडे करायची. उन्हाळ्यातल्या शनिवारी ह्यूस्टनमध्ये सकाळचे दहा वाजलेले असतात तेव्हा सातारला रात्रीचे साडेआठ झालेले असतात. जेवणे लवकर उरकून, नऊवारी नेसून, आजी पडद्यासमोर खुर्चीत बसलेली असते. ‘सावधान’ ऐकू आले की ती मूठ उघडते. तिच्या हातात घरचेच तांदूळ असतात.