पुनरुज्जीवन कोणाचे?

दुसऱ्या महायुद्धाच्या आघातानंतर सोव्हिएत रशियात रशियन आणि ज्यू कलेचे ‘पुनरुज्जीवन’ झाले, असे विधान कलेतिहासात सहजपणे केले जाते. या संज्ञेत एक गृहीत दडलेले आहे : जे मृत झाले होते, ते पुन्हा जिवंत झाले. कलाकृतींच्या तारखा तपासू लागताच हे गृहीत डळमळते.

व्हासिली ग्रॉसमन यांची आई १९४१ मध्ये बेर्दिचेव्ह येथील हत्याकांडात बळी पडली. तो आघात पोटात घेऊन लिहिलेल्या ‘जीवन आणि नियती’ या कादंबरीचे हस्तलिखित फेब्रुवारी १९६१ मध्ये गुप्तचर खात्याने जप्त केले. टंकलेखन यंत्राच्या फितीही सोडल्या नाहीत. मित्रांपाशी ठेवलेल्या प्रतींमुळे कादंबरी तगली. ग्रॉसमन १९६४ मध्ये निवर्तले. कादंबरी १९८० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आणि १९८८ मध्ये मायदेशी प्रसिद्ध झाली.

संगीताची कथा निराळी नाही. ज्यू लोककवितेवरील गीतमाला शोस्ताकोविच यांनी १९४८ मध्ये रचली. त्याच वर्षाच्या जानेवारीत यिद्दिश रंगभूमीचे अग्रणी सोलोमन मिखोएल्स यांची मिन्स्क येथे हत्या झाली होती, आणि फेब्रुवारीत पक्षाच्या ठरावाने शोस्ताकोविच स्वतः ‘आकारवादी’ ठरले होते. गीतमालेचा जाहीर प्रयोग झाला तो १९५५ मध्ये, स्तालिनच्या मृत्यूनंतर. मिखोएल्स यांचे जामात, वॉर्सात जन्मलेले संगीतकार वाइनबर्ग १९३९ मध्ये एकटेच पूर्वेकडे निसटले. मागे राहिलेले आईवडील व बहीण मारले गेले. ऑश्विट्झच्या स्मृतीवर आधारलेला त्यांचा ‘प्रवासिनी’ हा ऑपेरा १९६८ मध्ये पूर्ण झाला. मॉस्कोत तो प्रथम ऐकू आला २००६ मध्ये; वाइनबर्ग त्यापूर्वी दहा वर्षे, १९९६ मध्ये, कालवश झाले होते.

येथे निर्मिती खंडित झालेली नाही. खंडित केले गेले ते श्रवण आणि वाचन. म्हणून ज्याला पुनरुज्जीवन म्हटले जाते, ते वस्तुतः रसिकवर्गाचे पुनरुज्जीवन आहे. अशा कलाकृतीला दोन तारखा असतात, निर्मितीची आणि अभिग्रहणाची. त्यांमधील अंतर हा केवळ चरित्राचा तपशील नव्हे. ते कलाकृतीच्या अर्थात मिसळते. १९८८ च्या वाचकाने ग्रॉसमन वाचले, तेव्हा त्याने सत्तावीस वर्षांची मुस्कटदाबीही वाचली. वाङ्मयेतिहास मात्र बहुधा एकच तारीख नोंदवतो.

या युक्तिवादाला एक मर्यादा आहे, आणि ती सांत्वनाच्या आड येणारी आहे. १२ ऑगस्ट १९५२ रोजी मॉस्कोत तेरा जणांना देहान्ताची शिक्षा देण्यात आली. त्यांत पेरेत्स मार्किश, दाविद बेर्गेलसोन, लैब क्वितको हे यिद्दिश साहित्यिक होते. त्यांचे लिहून झालेले साहित्य पुढे वाचले गेले. त्या दिवसानंतर त्यांनी जे लिहिले असते, त्याला दुसरी तारीख नाहीच, पहिलीही नाही.