माप आणि बेत

आमच्या बीड जिल्ह्यात गोल्फ कुणी खेळताना मी पाहिलेलं नाही. त्या खेळाला जेवढं हिरवं गवत लागतं तेवढं जगवायला इथे पाणी कुठलं? चारा छावण्या आणि टँकर पाहिलेल्या माणसाला गवतावर खेळण्यासाठी पाणी सोडतात ही गोष्टच आधी पचत नाही. तरीही गेल्या काही वर्षांत मी गोल्फविषयी बरंच ऐकलं आणि वाचलं, ते माझ्या भाच्यामुळे. धाकट्या बहिणीचा हा मुलगा बारावीनंतर पुण्याला गेला आणि गोल्फच्या सरावाच्या एका मैदानावर चेंडू गोळा करायच्या कामाला लागला. पुढे शिकत शिकत तिथेच शिकवणाऱ्यांचा मदतनीस झाला. मी जन्मभर माध्यमिक शाळेत खेळाचा शिक्षक. शिट्टी, स्टॉपवॉच आणि मोजमापाचा टेप, एवढीच माझी यंत्रसामग्री. म्हणून एके दिवशी त्याने फोनवर, "मामू, हमारे यहां रडार आया," असं सांगितलं तेव्हा मला वाटलं, हा पोरगा विमानतळावर लागला की काय!

रडारच होतं ते. ट्रॅकमॅन नावाचं. डेन्मार्कमध्ये २००३ साली ही कंपनी निघाली. तिच्या संस्थापकांपैकी फ्रेडरिक टक्सेन हे अभियंते त्याआधी तोफगोळ्यांचा माग काढणाऱ्या रडारवर काम करत होते. तीच विद्या त्यांनी गोल्फच्या चेंडूला लावली. तोफगोळा काय नि चेंडू काय, हवेतून जाणारी वस्तूच. फरक एवढाच की गोल्फचा चेंडू ४६ ग्रॅमपेक्षाही हलका आणि त्याचा व्यास जेमतेम ४३ मिलिमीटर. त्याचं तत्त्व मला समजावून सांगायला भाच्याला फार कष्ट पडले नाहीत. मांजरसुंब्याच्या घाटात हॉर्न वाजवत एसटी जवळ येते तेव्हा तिचा आवाज चढा लागतो आणि आपल्याला ओलांडून गेली की एकदम उतरतो. हा फरक मोजला तर एसटीचा वेग काढता येईल. रडार आवाजाऐवजी रेडिओलहरी सोडतं आणि चेंडूवर आपटून परतलेल्या लहरींतला असाच फरक मोजतं.

त्यातून काय काय निघतं, ते पाहून मी थक्क झालो. काठीच्या टोकाचा वेग, चेंडूचा वेग, चेंडू किती अंशांनी वर उठला, स्वतःभोवती मिनिटाला किती फेरे घेत गेला. नामांकित व्यावसायिक खेळाडूंच्या लांब फटक्यात हे फेरे २५०० ते २७०० च्या आसपास असतात. सात नंबरच्या लोखंडी काठीने मारलं तर ७००० च्या घरात जातात. चेंडूच्या वेगाला काठीच्या वेगाने भागलं की फटका किती स्वच्छ बसला ते कळतं. मोठ्या काठीने दीडच्या जवळपास उत्तर आलं म्हणजे उत्तम. काठी ताशी १६० किलोमीटरने आली तर चेंडू २४० ने सुटायला हवा. तेवढा सुटला नाही तर अंगातली ताकद कुठेतरी वाया गेली.

भाच्याच्या मैदानावर एक म्हातारे उस्ताद होते. येरवड्याचे. दहा वर्षांचे असल्यापासून साहेबलोकांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहिलेल्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण पन्नास वर्षं दुसऱ्याचा फटका बघून डोळा तयार झालेला. या खेळात अशी माणसं खूप. दिल्लीचे अली शेर असेच पिशव्या वाहून वर आलेले. १९९१ साली त्यांनी इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. त्याआधी १९६५ मध्ये बिल्लू सेठींनी जिंकली होती, पण ते हौशी खेळाडू. अली शेर यांनी १९९३ मध्ये ती पुन्हा जिंकली. कोलकात्याच्या एस. एस. पी. चौरसियांचे वडील गोल्फच्या मैदानावर गवताची निगा राखायचे. मुलाने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन नेली. श्रीमंतांच्या खेळात गरिबाच्या पोराला शिरायला ही एकच फट होती, नोकराच्या दाराची. शिकवणी वगैरे काही नाही. बघायचं, सगळे गेल्यावर मोडक्या काठीने मारून पाहायचं.

तर रडार आलं आणि उस्तादांची पंचाईत झाली. आधी शास्त्राची बाजू सांगतो. वर्षानुवर्षं गोल्फच्या पुस्तकांतून असं शिकवलं जायचं की काठी ज्या दिशेने फिरते त्या दिशेने चेंडू निघतो आणि काठीचं तोंड जिकडे असतं तिकडे नंतर वळतो. रडारने मोजल्यावर उलटंच दिसलं. चेंडू निघतो तो मुख्यतः काठीच्या तोंडाच्या दिशेने. मोठ्या काठीच्या फटक्यात सुरुवातीच्या दिशेवर तोंडाचा वाटा पंचाऐंशी टक्क्यांच्या आसपास, उरलेला काठीच्या वाटेचा. काठी आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढा वेळ. डोळ्याला ते दिसणं शक्यच नव्हतं. समोर झाड आडवं असताना पुस्तकाप्रमाणे फटका मारणाऱ्या कितीजणांचे चेंडू झाडावर आपटले असतील आणि त्यांनी स्वतःच्या नशिबाला बोल लावला असेल!

उस्तादही तोंडाने तेच जुनं सांगत. मग पडद्यावर आकडे वाचू शकणारी इंग्रजी बोलणारी तरुण मुलं शिकवायला आली. मालकाला वाटलं, आता या म्हाताऱ्याचं काय काम? यंत्र तर सगळं सांगतं. महिनाअखेर निरोप द्यायचं ठरलं. भाच्याने मला रात्री फोन केला. आवाज बसलेला. त्याला काठी धरायला उस्तादांनीच शिकवलं होतं.

मी त्याला एवढंच विचारलं, "ते तोंडाने काय सांगतात ते सोड. हाताने काय करतात?"

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामू, वो तो सीधा आके पकड ठीक करते. अंगूठा इधर, उंगली उधर. बोलते कुछ नै."

पकड बदलली म्हणजे काय बदलतं? काठीचं तोंडच! उस्तादांचे शब्द जुन्या पुस्तकातले होते, पण त्यांचा हात बरोबर जागी जात होता. हे दाखवायचं कसं? यंत्र होतंच. भाच्याने मालकाची परवानगी काढली आणि चार शिकाऊ गिऱ्हाइकांना प्रत्येकी दहा चेंडू मारायला लावले. मग उस्तादांना दहा मिनिटं दिली. पुन्हा दहा चेंडू. आधीचे आणि नंतरचे काठीच्या तोंडाचे अंश त्याने कागदावर शेजारी शेजारी मांडले. दोनशे मीटरवर एका अंशाची चूक म्हणजे साडेतीन मीटर बाजूला. चौघांपैकी तिघांचे चेंडू आधीपेक्षा निम्म्या रुंदीत पडू लागले होते. चौथ्याचं काही झालं नाही. उस्ताद म्हणाले, त्याचा खांदा दुखतोय, तो सांगत नाही. विचारल्यावर ते खरं निघालं. खांदा दुखतो हे रडारच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

उस्ताद राहिले. पूर्ण पगारावर नाही, आठवड्यातल्या तीन सकाळी. मला हा न्याय अर्धाच वाटतो. पण ज्या यंत्रामुळे त्यांची रोजी जात होती त्याच्याच कागदाने ती अर्धी तरी वाचवली. निरक्षर माणसाच्या बाजूने अशी साक्ष पूर्वी कोण देणार होतं? ‘यांचा हात चांगला आहे’ असं कुणी मोठ्या माणसाने म्हटलं तरच तो चांगला.

आमचे अब्बा दर्जी होते. दुकानात माझं काम माप लिहून घ्यायचं. छाती, कंबर, बाही, मुंढा. मला वाटायचं, वहीत आकडे आले म्हणजे सदरा झालाच. अब्बा म्हणत, "माप तो कोई भी लेता. बेतना आना." बेतताना ते गिऱ्हाइकाकडे पाहत. पोट सुटायला लागलेला माणूस माप देताना श्वास आत ओढतो. त्याच्या कमरेला ते गुपचूप एक इंच जास्त धरत. वहीतला आकडा खोटा नसे, पण त्या आकड्यावर कापड कापलं असतं तर सदरा अंगात गेला नसता. शिकवणाऱ्याचं कामही त्या एका इंचात असतं असं माझं मत आहे, आणि चाळीस वर्षं शिट्टी वाजवल्यावर मत बाळगायचा मला हक्क आहे.

मागच्या पावसाळ्यात भाचा चार दिवस आला. आम्ही कपिलधारला गेलो. बीडहून वीसेक किलोमीटर. बालाघाटाच्या डोंगरात एकदम खाली उतरणारी दरी, धबधबा, आणि मन्मथस्वामींची समाधी. कार्तिकी पौर्णिमेला इथे लिंगायत भाविकांची मोठी यात्रा भरते. पावसाळ्यात मात्र सगळ्या जातिधर्माची माणसं पाणी बघायला येतात. आमच्या शाळेतली एक जुनी विद्यार्थिनी तिच्या मैत्रिणींबरोबर इथल्या चढावर पळायला येते. आईवडील ऊसतोडीला जाणारे. तिला पोलीस व्हायचंय. तिने समाधीचं दर्शन घेतलं, आणि आम्ही वरच्या माळावर गेलो.

आमच्याकडची मुलं पळतात, आणि का पळतात हे सांगायला नको. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं. सुवर्ण घेणारा केनियाचा किबिवोट ८ मिनिटं ११.१५ ला पोचला. मधलं अंतर सेकंदाचे पाच शतांश, म्हणजे त्या वेगाने एक फूट. हे मोजायला अचूक यंत्र नसतं तर कदाचित दोघांत वाद झाला असता. २०२४ मध्ये पॅरिसला त्याने आपलीच वेळ ८ मिनिटं ९.९१ वर आणली. तेव्हापासून गावोगाव पहाटे पोरं-पोरी रस्त्यावर.

भाच्याने मुलीला विचारलं, "भरतीत गुण कशाला किती?" मैदानी चाचणी पन्नास गुणांची. मुलींना ८०० मीटरला वीस, १०० मीटरला पंधरा, गोळाफेकीला पंधरा. मग त्याने माझी वही मागितली आणि गोल्फमधली एक रीत सांगितली. अमेरिकेतले कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी हजारो फटक्यांची नोंद तपासली. व्यावसायिक खेळाडूला साधारण दहा मीटरवरून चेंडू खळग्यात घालायला सरासरी दोन फटके लागतात, अडीच मीटरवरून दीड. म्हणजे अडीच मीटरवरून एका फटक्यात घातला तर अर्धा फटका कमावला, दहा मीटरवरून दोन लागले तर ना नफा ना तोटा. प्रत्येक फटक्याचा असा हिशेब लावायचा. अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धांनी २०११ पासून खळग्याजवळच्या फटक्यांसाठी तो स्वीकारला. जुनी समजूत होती की लांब फटका निव्वळ दिखाव्याचा, बक्षीस मिळतं ते खळग्याजवळच्या नाजूक हातामुळे. ब्रॉडींच्या हिशेबात चांगले आणि सामान्य खेळाडू यांच्यातल्या फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांतून आलेला निघाला.

"मतलब, नुकसान कहां हो रहा वो देखो," भाचा म्हणाला.

वहीत सगळं होतंच. ८०० मीटरमध्ये तिचे गुण जवळपास पूर्ण. तरी पहाटेचा सगळा घाम तिथेच गळत होता, कारण साबळे पळतो! गुण गळत होते गोळ्यात. तिच्याजवळ चार किलोचा गोळा होता. भाच्याने मोबाइलवर संथगतीचं चित्रण केलं आणि पडद्यावर गोळा हातातून सुटतानाचा कोन काढला. पन्नासच्या आसपास. शाळेच्या विज्ञानात ४५ अंशांना सर्वांत लांब जातं असं शिकवतात, ते जमिनीवरून सुटणाऱ्या वस्तूचं. गोळा सुटतो खांद्याच्या वरून, शिवाय माणसाला वरच्या दिशेपेक्षा पुढच्या दिशेला जास्त जोर लावता येतो. म्हणून चांगल्या फेकणाऱ्यांचा कोन चाळिशीच्या आत, ३५ ते ३८ च्या आसपास असतो.

आकडा सांगितला तर ती गोंधळली. ३७ अंश म्हणजे हात कुठे न्यायचा? मी माळावरच्या बाभळीकडे बोट दाखवलं. म्हटलं, बेटा, शेंड्याकडे नको बघू, त्या वाकड्या फांदीकडे बघून फेक. तिसऱ्या फेकीला गोळा हातभर पुढे पडला. भाचा मोबाइलमध्ये बघून म्हणाला, "चालीस." आणि हसला.

पुण्याच्या त्या यंत्राचं तासाचं भाडं त्या मुलीच्या आईच्या दोन दिवसांच्या कोयत्याच्या मजुरीपेक्षा जास्त आहे. मोबाइल आता घरोघर आहे, हे खरं. पण चित्रण बघून काय बदलायचं हे सांगणारं माणूस घरोघर नाही. आमच्या तालुक्यातल्या कित्येक शाळांत खेळाच्या शिक्षकाची जागा भरलेलीच नाही, तिथे अंश कोण वाचणार? आणि जिथे यंत्र आहे तिथला उलटा प्रकार भाचा सांगतो. शिकाऊ लोक फटका मारल्यावर चेंडू कुठे पडला ते पाहतच नाहीत, मान वळवून पडद्याकडे बघतात. उस्ताद अशा वेळी जाऊन पडद्यासमोर उभे राहतात. मुद्दामच.

मुलगी आता आठवड्यातून तीन दिवस गोळा फेकते, दोन दिवस पळते. दर शुक्रवारी माझ्याकडे चित्रण पाठवते. मी ते पुण्याला पाठवतो. भाचा उस्तादांना दाखवतो, कारण गोळा त्यांनी कधी फेकला नसला तरी खांदा त्यांना कळतो. परवा त्यांचा निरोप आला, लडकी का बायां पैर पहले खुल रहा. मी वहीत तारीख टाकून तेवढंच लिहून ठेवलं आहे. भरतीची जाहिरात अजून निघायची आहे.