जाळीपलीकडची सोबत

ज्या दोन गिनीपिगांचे आपसांत पटत नाही, त्यांना वेगळे करावे लागते. पण वेगळे केले म्हणून एकटे ठेवून चालत नाही. पाळणाऱ्याची खरी अडचण इथे सुरू होते. भांडण थांबवण्यासाठी एकाला दुसऱ्या खोलीत हलवले की रक्त निघायचे थांबते, पण हलवलेला जीव घरट्यात तोंड खुपसून बसू लागतो, आणि ‘आता शांत झाला’ असा त्याचा अर्थ लावला जातो. ती शांतता बहुतेक वेळा भीतीची असते.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात हा प्राणी काही हजार वर्षांपूर्वी माणसाळला. केचुआ भाषेत त्याला ‘कुई’ म्हणतात. त्या नावातच त्याची हाक ऐकू येते. पेरू-बोलिव्हियाच्या खेड्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर, चुलीच्या उबेला, जथ्याने वावरत आला. त्याचे रानटी भाऊबंद उंच गवतात छोट्या टोळ्या करून राहतात. ज्याला नखे-सुळे चालवता येत नाहीत आणि ज्याच्यावर घार, कोल्हा, साप सगळ्यांचाच डोळा, त्याला शेजाऱ्याच्या कानांचा आधार असतो. एकाने सावध आवाज काढला की सगळे जागच्या जागी थिजतात. एकट्या गिनीपिगाला ही राखण स्वतःच, दिवसरात्र करावी लागते.

तरीही सगळ्यांचे सगळ्यांशी जमत नाही. दोन वयात आलेले नर, त्यातही जवळपास मादीचा वास असेल तर, फार लवकर हातघाईवर येतात. इथे एक खूण नीट ओळखायला हवी. कंबर डोलवत, घुमणारा आवाज काढत दुसऱ्याभोवती फिरणे, थोडा पाठलाग, पाठीवर चढणे ही मानपानाची नेहमीची वाटाघाट असते. ती लगेच मोडायला जाऊ नये. पण मानेवरचे केस ताठ झाले, दातांचा कडकड आवाज थांबेनासा झाला, दोघे तोंडाला तोंड लावून मान उंचावू लागले, की पुढची पायरी चाव्याची. अशा वेळी मध्ये उघडा हात घालू नये, जाड पंचा टाकून त्यांना सोडवावे. एकदा रक्त निघाले की ती जोडी एकत्र ठेवण्याचा हट्ट सोडलेला बरा. मात्र महिनोन्‌महिने गुण्यागोविंदाने राहिलेली जोडी अचानक बिघडली, तर आधी पशुवैद्याकडे जावे. दाताचे दुखणे, मूतखडा, मादीच्या बीजकोशातल्या गाठी यांनीही स्वभाव बदलतो.

नर-मादीला दूर ठेवण्याचे कारण वेगळे: त्यांचे फार जमते. गर्भधारणा साधारण दोन महिन्यांची असते आणि व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. नराचे खच्चीकरण केले तरी त्यानंतर सहा आठवडे तरी त्याला वेगळा ठेवावा लागतो.

जर्मन वर्तनशास्त्रज्ञ नॉर्बर्ट साक्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्राण्यावर दीर्घ काम केले आहे. मोठ्या मिश्र कळपात वाढलेले नर अनोळखी नरांशीही मिळतेजुळते घेतात. वयात येताना थोरल्या नरांकडून जपून वागण्याचे जे वळण लागायला हवे, ते एकट्याने वाढलेल्या नरांना मिळालेले नसते. म्हणजे दुकानातून आणलेल्या भांडखोर नराचा दोष बराचसा त्याच्या बालपणाचा असतो. त्यांचे दुसरे निरीक्षण त्याहून लक्षात राहणारे आहे. नराला अनोळखी पिंजऱ्यात एकटे सोडले की त्याच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक, कॉर्टिसॉल, झपाट्याने वाढते. जिच्याशी त्याची जोडी जमलेली आहे ती मादी सोबत असेल तर ही वाढ बरीच कमी राहते. कुठलीही दुसरी मादी शेजारी ठेवून तो परिणाम मिळत नाही. सोबत म्हणजे नुसते दुसरे शरीर नव्हे, हे इथे मोजून दिसते.

म्हणून मधला मार्ग जाळीचा. एकच मोठा पिंजरा करून मध्ये तारेची जाळी उभारायची, आणि दोन्ही बाजूंना निदान साडेसात-साडेसात चौरस फूट मोकळी जागा ठेवायची. जाळीची घरे दीड इंचापेक्षा मोठी नसावीत, नाहीतर डोके अडकते. दोघे जाळीतूनही नाकाला चावे घेत असतील तर चार बोटांचे अंतर सोडून दुसरी जाळी लावावी. प्रत्येकाला लपायला दोन दारांचे घरटे, प्रत्येकाची पाण्याची बाटली वेगळी. वाळलेल्या गवताचा ढीग मात्र जाळीला टेकून, दोन्ही बाजूंना समोरासमोर ठेवावा. गिनीपिग दिवसातला बराच वेळ गवत चघळत असतो. त्यामुळे ही जागा आपोआप पंगतीची होते. शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नसल्याने रोज द्यावी लागणारी ढोबळी मिरचीची फोडही तिथेच द्यावी. काही दिवसांत दिसते ते असे: ज्याने आठवड्यापूर्वी दुसऱ्याचा कान फाडला, तो फोड तोंडात धरून जाळीपाशी येतो, पलीकडच्याकडे पाठ न करता खातो, आणि मग त्याच्याच रेषेत, जाळीला कूस लावून आडवा होतो.

महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात जाळीजवळची ही ओढ ध्यानात ठेवावी. सत्तावीस अंशांपुढे या प्राण्याला उष्मा झेपत नाही. गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायची तर ती दोन्ही बाजूंना, जाळीलगत ठेवावी. एकीकडेच ठेवली तर दुसरा गारव्यासाठी कोपऱ्यात जायचे सोडून शेजाऱ्याजवळच तापत पडतो.

जाळी हा पुरता इलाज नव्हे, हेही मान्य करायला हवे. अंगाला अंग लावून झोपण्याची ऊब तारेतून अर्धीच मिळते. जमेल तिथे दोन्ही बाजूंच्या प्राण्यांना आपापला पटणारा सोबती मिळवून द्यावा. खच्चीकरण केलेला नर आणि एक मादी ही जोडी सहसा टिकते. ससा सोबतीला देऊ नये. त्याच्या एका लाथेने इजा होते, आणि त्याच्या श्वासमार्गातले काही जंतू गिनीपिगाला न्यूमोनिया देतात. स्वित्झर्लंडमध्ये 2008 पासून लागू असलेल्या नियमांनुसार गिनीपिग एकटा पाळता येत नाही. जोडीदार मेल्यावर उरलेल्यासाठी तिथे काही जण सोबतीला गिनीपिग उसनाही देतात.

शेजारी मेला तर त्याचे शरीर थोडा वेळ जाळीपाशी राहू द्यावे. जिवंत राहिलेला ते हुंगतो आणि मग बाजूला होतो. ज्याला हुंगायला मिळत नाही, तो पुष्कळदा हाका मारत फिरतो. नवा प्राणी आणला की त्याला आधी दोन-तीन आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवावे. मग त्याच्या घरट्यातले फडके जुन्याच्या बाजूला टाकावे, जुन्याचे त्याच्या बाजूला. दोघेही त्या फडक्यांवर झोपू लागले की नव्याला जाळीच्या पलीकडच्या रिकाम्या जागेत आणावे.